‘कच्च्या’ घराची वकिली

दिवाळी आली की घरोघर रंगाचे डबे उघडतात आणि कोणीतरी शहाणा हटकून सुचवतो, "हे जुनाट घर पाडा आणि एकदाचा स्लॅब टाका!" शहरात हा सल्ला फार तर खिशाला जाचेल. सातपुड्यात तो जिवाला जाचतो, म्हणून ही वकिली.

अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याला महाराष्ट्रात सर्वांआधी सामोरे गेलेले गाव. 1993 साली तिथली घरे मोडण्यात आली. काही कुटुंबे पुनर्वसनात गेली, काही वर डोंगरावर सरकली. तिकडच्या घराची रचना पाहा: सागाच्या मेढी, बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण, माथ्यावर कौले. हे घर उकलून खांद्यावरून नेता येते, दुसरीकडे पुन्हा उभे करता येते. स्लॅबच्या घराचे काय उचलाल? डबर? तरी सरकारी दप्तरी पहिले घर ‘कच्चे’ आणि दुसरे ‘पक्के’!

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर माणसांवर ओकतो. पत्रा तर दुपारीच तवा होतो. मग पंखा हवा, पंख्याला वीज हवी. महाराष्ट्राची 33 गावे या धरणाखाली आली. मोबदल्यात राज्याला मिळाला तो तिथल्या विजेतला 27 टक्के वाटा. विजेपायी गावे बुडवायची आणि उरलेल्यांना पंख्यावाचून झोप लागणार नाही अशी घरे द्यायची, याला विकास म्हणतात म्हणे!

जुने तेवढे सोने, असे मी मुळीच म्हणत नाही. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे जातात, मेढीला वाळवी लागते, भरदुपारी घरात अंधार असतो. हे सुधारलेच पाहिजे. पण त्यासाठी घर कशाला पाडायचे? मेढी दगडी जोत्यावर घ्या. चुलीला धुराडे द्या. माथ्यावर दोन काचेची कौले बसवा, आढ्याशी फट ठेवा, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. पश्चिमेला पडवी ओढा. मावळतीचे ऊन तिच्यावरच अडते. रात्रीपुरता सौर दिवा पुरे. आणि थोरल्याचे लग्न ठरले, तर शेजारी एक खण वाढवा. ते काम गावचा सुतार करतो, त्याला नकाशा लागत नाही.

2016 च्या ग्रामीण आवास योजनेने ठेकेदाराला मज्जाव केला, ही चांगली गोष्ट. पण तिचा पैसा नव्या पक्क्या बांधकामाला. तोच पैसा कुडाच्या घराला खण जोडायला का मिळू नये? नियम करणाऱ्या साहेबांनी वैशाखातल्या एका दुपारी पत्र्याखाली बसून जेवावे, मग कुडाच्या घरात जरा आडवे व्हावे, आणि उठल्यावर खुशाल ‘कच्चे’ हा शिक्का मारावा.