भंगाराचे शिल्प आणि कचऱ्याचा डोंगर

टाकाऊ वस्तूंपासून सार्वजनिक शिल्पे उभारण्याची एक हौसच गेल्या काही वर्षांत आपल्या महापालिकांना लागली आहे. मोटारींच्या सुट्या भागांचा सिंह, सायकलींच्या साखळ्यांचा मोर, प्लास्टिकच्या बाटल्यांचा मासा अशा आकृती चौकांत आणि उद्यानांत उभ्या राहतात, त्यांचे समारंभपूर्वक अनावरण होते, आणि त्यायोगे नागरिकांत पर्यावरणाविषयी जागृती होईल असे भाषणांतून सांगितले जाते. कलावंतास काम मिळावे, मुलांनी वाटेत थांबून कौतुकाने पाहावे, ह्यात वावगे काहीच नाही. परंतु ही शिल्पे नागरिकांना नेमके कशाविषयी जागे करतात, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

मराठीत ‘भंगार’ आणि ‘कचरा’ हे दोन निराळे शब्द आहेत, आणि ते उगाच निराळे नाहीत. भंगारास भाव असतो. लोखंड, तांबे, पितळ विकत घेणारा मनुष्य आपण होऊन दारावर येतो, तराजू धरतो आणि पैसे मोजतो. तेथून तो माल पुन्हा भट्टीत जातो. पालिकेने त्याचा सिंह केला नसता तरी ते लोखंड कचराभूमीवर पडून राहिले नसते. कचरा तो, ज्यास कोणी विचारीत नाही : खरकटे, भाजीचा पाला, नासकी फळे, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत वेष्टने, पातळ पिशव्या. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओल्या कचऱ्याचा असतो, आणि त्याचा मोर करता येत नाही. तोच ढिगाऱ्याखाली हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन वायू निघतो, आणि एखादे दिवशी तो पेट घेतो. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या कचराभूमीवर २०१६ च्या जानेवारीत आग भडकली, तेव्हा तिच्या धुराने पूर्व उपनगरांतील लोकांचा श्वास कोंडला आणि आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२५ मध्ये तेथील जुना कचरा हटविण्यासाठी पालिकेने निविदा मागविल्या. तो साठा तिच्याच अंदाजाने सुमारे १८५ लाख टन होता.

ह्या आकड्याशेजारी दिल्लीचे उदाहरण ठेवून पाहावे. तेथील तत्कालीन दक्षिण दिल्ली महापालिकेने २०१९ च्या फेब्रुवारीत सराय काले खाँ येथे जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींचे उद्यान खुले केले. त्यासाठी सुमारे १५० टन भंगार वापरले गेले. काम कौशल्याचे आहे, आणि लोकांची तेथे गर्दी होते. तथापि दिल्लीत दररोज निघणारा कचरा सुमारे ११ हजार टनांचा आहे. म्हणजे सातही आश्चर्ये मिळून त्या शहराच्या अवघ्या वीस मिनिटांच्या कचऱ्याएवढी भरली! त्याआधी दीडच वर्षापूर्वी, १ सप्टेंबर २०१७ रोजी, त्याच दिल्लीत गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगराचा कडा ढासळून दोन माणसे प्राणांस मुकली होती. हे आठवे आश्चर्य पाहण्यास तिकीट लागत नाही.

मग अशा कलेत अर्थच नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही, कारण चंदीगडचे नेकचंद आमच्या डोळ्यांसमोर आहेत. फाळणीने आपल्या गावास मुकलेला हा मनुष्य सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होता. नवे चंदीगड वसविण्यासाठी जी जुनी खेडी पाडली गेली त्यांचे अवशेष – फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशा, मडकी – तो वेचून आणी, आणि सुखना तलावाजवळच्या राखीव वनात, जेथे बांधकामास मनाई होती तेथे, कोणास सुगावा लागू न देता त्यांतून माणसे, प्राणी आणि पक्षी घडवीत असे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला हा उद्योग सत्तरच्या दशकात उघडकीस आला. कायद्याने सारे जमीनदोस्त व्हावयाचे. परंतु लोकमत त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि १९७६ मध्ये ते उद्यान सर्वांस खुले झाले. शासनाने त्याला पगार आणि मजूर दिले, १९८४ मध्ये पद्मश्रीही दिली. नेकचंद २०१५ मध्ये वारले. जागृतीची घोषणा त्यांनी कधी केली नव्हती. तरीही त्यांच्या पुतळ्यांतील बांगडी बांगडीच राहते. पाहणाऱ्यास तिच्या मालकिणीचे आणि पाडलेल्या घराचे स्मरण होते. दिल्लीत आयफेल मनोरा दिसतो आणि भंगार विसरले जाते. दोहोंतील अंतर हे आहे, आणि ते केवळ कारागिरीचे नव्हे.

गाडगेबाबा आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. आमच्या पालिकांनी हा क्रम फिरविला आहे. ओला आणि सुका कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. मात्र घरात वेगळा केलेला कचरा खाली येऊन एकाच गाडीत मिसळताना पाहण्याचा अनुभव किती वाचकांस आला असेल, ते त्यांनीच आठवावे. असा अनुभव घेतलेल्या नागरिकास चौकातला प्लास्टिकचा मासा काय शिकविणार? शिवाय बाटल्यांचे प्लास्टिक उन्हात ठिसूळ होते, त्याचे तुकडे पडतात, आणि मासा स्वतःच कचरा होऊन बसतो. त्याच्या विल्हेवाटीची तरतूद अनावरणाच्या दिवशीच केली जाते काय, हेही विचारावयास हवे.

आमची सूचना साधी आहे. ज्या प्रभागात असे शिल्प उभे राहील तेथे, देणगीदारांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या नावांच्या जागी, त्या प्रभागातून रोज किती कचरा निघतो, त्यातील किती वेगळा होतो आणि किती कचराभूमीवर जातो, ते आकडे ठळक लिहावे आणि दर महिन्यास बदलावे. आकडे लिहिण्याजोगे नसतील तर शिल्प तूर्त थांबवावे. आणि शिल्पांची निवड करणाऱ्या समितीवर कलातज्ज्ञांबरोबर कचरा वेचणाऱ्या एखाद्या बाईसही बसवावे. पुण्यात १९९३ पासून ह्या स्त्रियांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. ह्या शहरातही अशा स्त्रिया शेकड्यांनी आहेत. कोणत्या वस्तूस गिऱ्हाईक आहे आणि कोणती कोणीही उचलत नाही, हे त्यांना पालिकेच्या कोणत्याही खात्याहून अधिक अचूक ठाऊक असते.