अकिकाची धूळ

पैठणला गोदावरीच्या पात्रात उतरलं की माझ्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे खिसे अकिकांनी भरतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिका मिसळलेलं पाणी झिरपलं आणि थरावर थर बसले. बेसॉल्ट झिजून गेला, अकीक उरला. त्यावर चाकूनेही ओरखडा उठत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून असे दगड गाड्या भरभरून भडोच बंदरात जात असल्याची नोंद आहे.

लाल अकिकासाठी नाव घ्यायचं ते भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरचं. खाणीतून निघतो तेव्हा तो मळकट, पिवळट-तपकिरी असतो. उन्हात तापवून, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजला की त्यातलं लोहाचं संयुग पाणी सोडतं आणि दगड लाल होतो. हडप्पा काळातल्या कारागिरांना ही भट्टी ठाऊक होती. त्यांचे लांबुळके मणी इराकमधल्या उरच्या राजकबरींत मिळाले. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर या हबशी संताचा दर्गा आहे. अकिकाच्या धंद्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. अकिकाची अंगठी संकट टाळते, ही श्रद्धा अरबस्तानापासून आपल्या गल्लीपर्यंत पसरलेली आहे.

त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. ज्यांच्या हातून हा दगड घडतो, त्यांच्या संकटाचं काय, एवढंच मी विचारते.

गुजरातमधल्या खंबायतला अकिकाचे मणी घरोघरी घासले जातात. विजेच्या सराणीवर कोरडा दगड टेकवला की उडणारी धूळ इतकी बारीक असते की थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन रुतते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही, आणि त्याच्या पाठोपाठ अनेकदा क्षय येतो. ओसरीवर बसलेल्या बायकामुलांच्या छातीतही तीच धूळ जाते. १९४८च्या कारखाना कायद्यात या आजाराची नोंद सक्तीची केली गेली; पण घरची सराण कारखान्यात मोडत नाही.

सराणीला धूळ ओढणारा पंखा बसवता येतो, दगड ओला ठेवून घासता येतो. हा खर्च रोजावर जगणाऱ्या घासणाऱ्याच्या माथी मारू नये. माळा परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांनी तो द्यावा आणि अंगठीची किंमत तेवढी वाढली तर आपण ती मोजावी. घरात बसून घासणाऱ्याला सरकारने कामगार म्हणून नोंदवावं, दर वर्षी त्याच्या छातीचा एक्स-रे काढावा, आणि तो खोकू लागण्याआधी काढावा.