साठवणीतला समुद्र

खंडाळा म्हटले की पुष्कळांना लोणावळ्याशेजारचा, बोरघाटातला खंडाळा आठवतो. आमचा खंडाळा तो नव्हे. पुण्याहून शिरवळ ओलांडल्यावर आणि खंबाटकी घाट चढण्यापूर्वी लागतो तो सातारा जिल्ह्यातला. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते अगदी समुद्राच्या पुढ्यात. येथे नीरेचे पाणी आहे, विहिरींचे आहे. समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे. असे असूनही आमच्या दुकानामागच्या खोलीत गेली दोन वर्षे एकशेवीस लिटरचा समुद्र काचेच्या पेटीत नांदतो आहे. तो नातवाचा.

ही पेटी घरात यावी की नाही, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. जीव डांबून ठेवायचा आणि त्याला कौतुक म्हणायचे, हे नातवाच्या आजीला मान्य नव्हते. माशांच्या खाद्याच्या पाकिटावर माशांचीच भुकटी लिहिलेली आहे, हे तिने चष्मा लावून वाचले तेव्हा वाद आणखी चिघळला. मला आजही तिचेच म्हणणे पटते, आणि नवे मासे आणायचे नाहीत हे आता ठरले आहे. परंतु आलेल्यांचे काय? केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात करण्याची पद्धत बसवली आहे. आमची नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडीही अशाच पैदासकेंद्रातली. त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता, मग त्यांना समुद्रात सोडणार कसे? तेव्हा त्यांचे पाणी हीच आमची जबाबदारी.

गेल्या श्रावणात एका रात्री वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. त्यातच खडकाआड एक मोठा शंख मरून पडला होता, तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. पाणी ढगाळले, वास सुटला, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. निदान तिसरा हिस्सा पाणी, म्हणजे चाळीस लिटर, तत्काळ बदलणे आवश्यक होते. घरात तयार पाणी एक लिटरही नव्हते. मुलाने विजेरीच्या उजेडात नळाचे पाणी घेतले, त्यात क्षार ओतले, पळीने ढवळले आणि पाव तासात पेटीत सोडले. सकाळी दोघांतला एक मासा तळाशी होता. त्याला ढगाळ पाण्याने मारले की घाईच्या पाण्याने, ते सांगता येणार नाही. मुलगा दिवसभर जेवला नाही. आजी एवढेच म्हणाली, “अरे, पाणी भरून ठेवायचं नव्हतं का?”

वाचकहो, आपण व्यापारी माणसे. सणाच्या आदल्या रात्री साखरेची मागणी नोंदवणारा दुकानदार आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याचे काय होते तेही. माशांच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया होतो. पेटीतले सूक्ष्म जीव त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पाण्यात साचत राहते. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले की तेही दहाव्या हिश्श्यानेच उतरते. आमच्या पेटीला आठवड्याचे बारा लिटर लागतात आणि संकटाचे चाळीस. म्हणून आता साठ लिटरचे पिंप कायम भरलेले असते.

हे पाणी करण्याची रीत अवघड नाही, पण तिच्यात आळस चालत नाही. स्वयंपाकाचे मीठ निरुपयोगी. त्यात समुद्राचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम नसते. त्यासाठीचे क्षारमिश्रण वेगळे मिळते आणि लिटरला सुमारे छत्तीस ग्रॅम लागते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपले रक्षण करते, माशांच्या कल्ल्यांना मात्र जाळते. म्हणून आरओचे पाणी घ्यावे. घरगुती यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळण्याची सोय असते, ती बंद आहे ना, ते पाहावे. आधी पाणी, मग थोडेथोडे क्षार. उलट केले तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. लहान पंपाने ढवळत ठेवून पाणी पूर्ण नितळ झाल्यावर घनता मोजावी, ती १.०२५च्या आसपास हवी.

भांड्याविषयी विशेष सांगायचे आहे. आपल्या घरांत पाण्याला तांब्या-पितळेचा मान. येथे तो कटाक्षाने टाळावा, कारण खारट पाण्यात तांबे उतरते आणि कोळंबी-शंखांसारख्या जिवांना ते अल्प प्रमाणातही विषासारखे असते. औद्योगिक वसाहतींच्या परिसरात निळी जुनी पिंपे स्वस्तात मिळतात. त्यांत पूर्वी काय भरले होते हे विकणारालाही सांगता येत नाही. खाद्यपदार्थांसाठीचे नवेच पिंप घ्यावे, झाकण घट्ट असावे, आणि ते गच्चीवर उन्हात किंवा गोदामात कीटकनाशकांशेजारी ठेवू नये. झाकण सैल राहिले तर पाणी उडते, क्षार उरतात आणि घनता वाढते. पेटीतही तेच घडते. तेथील उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने नव्हे, बिनक्षारी शुद्ध पाण्याने करायची. नातवाने पहिले सहा महिने नेमके उलटे केले होते.

किती दिवस टिकते? यात माशांची घाण नाही, अन्न नाही, म्हणून झाकून, थंड व अंधाऱ्या जागी आठवडा-दोन आठवडे ते सहज राहते. काही मिश्रणे मात्र लवकर वापरायची असतात, ते पाकिटावर वाचावे. पंप अहोरात्र चालवला तर पाणी तापते आणि कॅल्शियम पिंपाच्या भिंतीवर बसते. आम्ही वापरण्यापूर्वी तासभर ढवळतो, घनता पुन्हा मोजतो आणि पाणी पेटीइतक्याच उष्णतेचे झाले की मगच सोडतो.

राहिले काढलेले पाणी. पाणी गाळल्यावर गाळणीतले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडण्याची, जिवाणीची, रीत आपल्याकडे आहे. या पाण्याला परत जायला विहीर नाही, नदी तर नाहीच. आठवड्याच्या बारा लिटरांत चारशे ग्रॅमांहून अधिक क्षार असतात. वर्षाचे वीस किलोंवर जातात. क्षारपड जमीन म्हणजे काय, हे कृष्णा-नीरेकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. आम्ही ते झाडांना न घालता धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात सोडतो.

उकाळलेले पाणी उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन, ही मोजदाद नातवाची आजी आयुष्यभर करीत आली. पिंपाशी तिचा तसा काही संबंध नाही. पण पाणी भरल्याची तारीख खडूने झाकणावर तीच लिहिते, आणि पंधरा दिवस उलटले की नातवाला हाक मारते. उरलेला मासा अजून आहे.