‘त्यांना काही सांगू नका, सिस्टर’

पेशंट वॉर्डात येतो, स्ट्रेचरवरून खाटेवर सरकवला जातो आणि पाचच मिनिटांत मुलगा किंवा जावई आम्हाला व्हरांड्यात बाजूला घेतो. आवाज खाली. ‘सिस्टर, त्यांना यातलं काही माहीत नाही. साधी गाठ आहे असं सांगितलंय. तुम्हीही काही बोलू नका.’ कर्करोगाच्या वॉर्डात बावीस वर्षं काढल्यावर आता पहिल्या शब्दावरूनच पुढचं वाक्य कळतं.

मुलाचा हेतू वाईट नसतो. वडील खचतील, जेवण सोडतील ही त्याची भीती खरी असते. पण तो व्हरांड्यात चादर टाकून झोपतो आणि रात्री दोन वाजता वडील हाक मारतात. सलाईन संपलेलं नसतं, दुखतही नसतं. ‘सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?’

यावरची आमची उत्तरं ठरलेली. ‘काही नाही काका, झोपा बरं.’ ‘सगळं ठीक होईल.’ ‘डॉक्टरांना विचारा.’ काकांना तिन्हींचा अर्थ एकच लागतो, की विचारू नका. ते गप्प होतात आणि आम्ही रजिस्टरमध्ये लिहितो, ‘पेशंट शांत झोपला.’

बार्नी ग्लेझर आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत हेच पाहिलं आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याबरोबर जीन क्विंट ही परिचारिकाही काम करत होती. त्यांनी वर्णन केलेली एक अवस्था आपल्याकडे रोज दिसते. पेशंटला ठाऊक असतं, घरच्यांना ठाऊक असतं आणि दोघंही ठाऊक नसल्याचं सोंग घेतात. अहो, दारावर कर्करोग विभागाची पाटी असते, केस गळत असतात, शेजारचा पेशंट ‘तुमची कितवी केमो?’ म्हणून विचारत असतो. लपणार काय?

एका काकांना शेताची वाटणी करून टाकायची होती. मला म्हणाले, ‘पोरांपुढं विषय काढला तर त्यांना कळंल की मला कळलंय.’ मी मुलांपाशी अवाक्षर काढलं नाही. काही बोलणार नाही असं कबूल केलं होतं ना. काका अकरा दिवसांनी गेले. वाटणी राहिली. ती चूक माझी होती.

निदान सांगणं डॉक्टरांचं काम आहे आणि ते आमच्याकडे ढकलावं असं मी म्हणत नाही. पण निदान सांगणं आणि खोटं बोलणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे. काकांनी विचारलं की स्टूल ओढून बसायचं. ‘तुम्हाला काय वाटतंय? आजच का मनात आलं?’ असं विचारायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. बोलणं बहुतेक वेळा रोगाच्या नावाकडे जातच नाही. धाकटीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, शेवटी फार दुखेल का, असं काहीबाही निघतं. मग म्हणायचं, ‘उद्या राउंडला डॉक्टरांना तुमच्यासमोरच विचारू या का? मुलाला बोलावू?’ आणि हे सकाळच्या पाळीला सांगूनच घरी जायचं. काहींना ऐकायचंच नसतं, ‘मुलाला सांगा, मला नको’ म्हणतात. तेही मान्य. पण ते त्यांनी ठरवलेलं असावं.

व्हरांड्यातल्या मुलाला आता मी सांगते, ‘आपणहून मी काही बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.’ पहिल्यांदा राग येतो. एकाने थेट मेट्रनकडे तक्रार केली होती. ‘त्यांना कळलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?’ एवढं विचारलं की मात्र पुष्कळदा त्याचाच बांध फुटतो. त्याच्याशी तोवर कोणी बोललेलंच नसतं.

कायदाही इथे स्पष्ट आहे. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच घ्यावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं. ‘साधी गाठ’ म्हणून केमोच्या कागदावर घेतलेल्या सहीला मग काय म्हणायचं?

चाळीस पेशंटमागे रात्री आम्ही दोघी असतो, तेव्हा स्टूल ओढून बसायला वेळ कुठला, हे खरंच आहे. त्यासाठी भरती व्हायला हवी, आणि ती कधी होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट बिनपैशाची आहे. डॉक्टर नातेवाइकांना केबिनमध्ये बोलावतात, तेव्हा पाळीवरच्या सिस्टरलाही बोलवावं. ते जमत नसेल तर काय सांगितलं आणि कोणाला सांगितलं, एवढ्या दोन ओळी केसपेपरवर लिहाव्यात. रात्री दोन वाजता तो केसपेपर आमच्याच हातात असतो.