त्यांचं क्लासिक, आपलं डबडं

१९५३च्या शेवरले कॉर्व्हेटला गिअर फक्त दोन होते, तेही ऑटोमॅटिक. सहा सिलिंडर, १५० हॉर्सपॉवर, फायबरग्लासची बॉडी. त्या वर्षी बनल्या ३००. हे मला तोंडपाठ. आणि माझे बाबा पांढरकवडा-वणी रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचे, तिच्याबद्दल कॉलेजात कुणी विचारलं तर मी सांगायचो, ‘बाबा ट्रान्सपोर्टमध्ये आहेत.’

अरे, ती जीपही मूळची अमेरिकेचीच! विलीजची जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत जोडायला घेतली, बाबांची गाडी तिच्याच वंशातली. दोन लांब पोलादी दांडे, मधे आडव्या पट्ट्या, अशी शिडीसारखी चेसिस आणि वर पत्रा. कॉर्व्हेटची बॉडीही वेगळ्या चेसिसवरच बसवलेली. मग एक क्लासिक आणि दुसरं डबडं कसं?

वेगामुळे, म्हणाल. मान्य. पण पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत, आत पंधरा माणसं आणि टपावर कापसाची बोचकी घेऊन कॉर्व्हेट नेऊन दाखवा. बाबांच्या जीपचा पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडायचा नाही. घाई केली की दात करकरायचे. सिंक्रोनायझर नसला की काय होतं, ते मला त्या आवाजानं शिकवलं. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मी एकही गिअरबॉक्स उघडा पाहिला नाही. आपण रीलवर पाठ करतो ते स्पेसिफिकेशन नव्हे, पाढे आहेत.

२०१९ला ती जीप भंगारात गेली, किलोवर. बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यात मस्टँगचं खेळण्याएवढं मॉडेल ऑर्डर करत होतो. ते अजून टेबलावर आहे. त्याची दारं उघडतात.