गाळाचें बेट

उपसलेला गाळ कोठें टाकावयाचा हा प्रश्न जसा विहीर साफ करणाऱ्या गृहस्थास पडतो, तसाच तो मोठमोठ्या बंदरांच्या कारभाऱ्यांसही पडतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वतीरीं, ओकलंड व अलमीडा हीं दोन शहरें एका अरुंद खाडीनें विभागलेलीं आहेत. जहाजांस वाट मिळावी म्हणून ही खाडी खोल करण्यांत आली, आणि निघालेल्या गाळाच्या राशींतून १९१३ सालीं तिच्यांत सुमारें ६७ एकरांचें एक बेट तयार झालें. मौज अशी कीं, खुद्द अलमीडाही पूर्वीं द्वीपकल्प होतें; १९०२ सालीं कालवा पुरा होतांच मुख्य भूमीशीं असलेला त्याचा सांधा तुटला. एक बेट कापून झालें, दुसरें साचवून!

ह्या दुसऱ्या बेटास ‘सरकारी बेट’ असें साधेंच नांव मिळालें. पहिल्या महायुद्धांत पोलादाची टंचाई भासूं लागली, तेव्हां काँक्रीटचीं जहाजें बांधण्याची कल्पना निघाली व तिच्यासाठीं येथें कारखाना उभा राहिला. ‘पालो आल्टो’ हें तेलवाहू जहाज येथलेंच. परंतु तें पाण्यांत उतरलें १९१९ च्या मे महिन्यांत. युद्ध तर १९१८ च्या नोव्हेंबरांतच थांबलें होतें. ज्या कामासाठीं जन्म, तें काम जन्मापूर्वींच संपलें! पुढें १९३० सालीं तें दक्षिणेकडे सीक्लिफच्या किनाऱ्याशीं नेऊन बसविण्यांत आलें. त्यावर नृत्यशाळा झाली, पोहण्याचा तलाव झाला. पण दोन मोसमांतच कंपनीचें दिवाळें निघालें आणि लाटांच्या तडाख्यांनीं जहाज भंगत गेलें.

बेटाचें दैव मात्र निराळें होतें. अमेरिकेंत जकातीच्या रक्षणार्थ १७९० पासून नौकांचें एक दल होतें, आणि बुडत्यांस वाचविणारें दुसरें एक खातें होतें. १९१५ सालीं हीं दोन्ही एकत्र करून तटरक्षक दल निर्माण झालें. १९२० सालीं देशांत दारूबंदी झाली आणि समुद्रावरून चोरटी दारू येऊं लागली. तिला अडविण्याचा भार ह्या दलावर पडला. अशा धामधुमीच्या काळांत, १९२६ सालीं, दलानें ह्या बेटावर आपलें ठाणें वसविलें.

दारूबंदीचा कायदा १९३३ सालीं रद्द झाला. निमित्त सरलें तरी ठाणें उठलें नाहीं. पूल, रस्ते व इमारती झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नव्या भरतीच्या जवानांस येथें शिक्षण मिळूं लागलें. १९८२ सालीं तें शिक्षणकेंद्र बंद होऊन नवशिक्यांची सोय पूर्वकिनाऱ्यावरील केप मे येथें झाली. तरीही बेट ओस पडलें नाहीं. आज त्यास ‘तटरक्षक बेट’ म्हणतात, आणि दलाच्या पॅसिफिक विभागाची मुख्य कचेरी तेथेंच आहे. २००८ सालीं ४१८ फूट लांबीची ‘बर्थोफ’ ही मोठी गस्तनौका अलमीडा येथेंच सेवेंत दाखल झाली. तिचें नांव दलाच्या पहिल्या प्रमुखावरून ठेविलेलें आहे.

जहाज व बेट, दोन्ही एकाच गरजेच्या लाटेवर वापरांत आलीं. एक मोडलें, दुसरें टिकलें. असें कां व्हावें? जहाज एकाच कामासाठीं घडविलेलें होतें. बेटावर जें दल येऊन राहिलें, त्याच्या पदरांत मात्र पहिल्यापासूनच दोन कर्तव्यें होतीं: चोरास पकडणें व बुडत्यास तारणें. चोराची नाव फुटली, तर तोही बुडताच; त्यास आधीं वर काढावयाचें आणि मग जाब विचारावयाचा. पहिल्या कर्तव्याचें रूप कायद्याबरोबर बदलतें. दुसऱ्यास कोणताही कायदा रद्द करूं शकत नाहीं.

आपल्या घराघरांतून व गांवोगांवीं कांहीं तात्कालिक गरजेपोटीं मंडळें, निधि व वाचनालयें निघतात. गरज सरली कीं तीं मोडावीं, कीं चालू ठेवावीं, असा वाद पुष्कळदां पडतो. अशा वेळीं एवढेंच पाहावें कीं, मूळ निमित्त वजा केल्यावर त्या संस्थेच्या हातून कोणाचें तरी भलें होण्याजोगें कांहीं उरतें काय. उरत असेल, तर गाळावरही पाया बसतो.