फडावरच्या बाईची जबाबदारी कोणाची? साखरेच्या साखळीतला शेवटचा दुवा

दसरा आला की आमच्या मेहकर-लोणार पट्ट्यातून दोन प्रकारच्या गाड्या निघतात. एक धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला. दुसरी त्यानंतर काही दिवसांनी, मुकादमाची. तिच्यात पत्रे, ताडपत्री, भांडी, सरपण आणि त्यावर बसवलेली लेकरं असतात. ती ऊसतोडीला जाते. दोन्ही गाड्यांत काही चेहरे तेच असतात, म्हणून हा विषय आम्हाला दुसऱ्या कोणाचा वाटत नाही.

फडावर मजूर एकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो आणि उचल कोयत्यावर मिळते. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला तरी ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. तेही पहाटे चारला सुरुवात करून आणि रात्री-बेरात्री गाडी आली की उठून भरून. हे पैसे हातात येत नाहीत, उचलीत वळते होतात. एक दिवस काम बुडालं तर वरून खाडा. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे.

आता या खाड्याचा आणि बाईच्या शरीराचा संबंध बघा. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, कोपीजवळ संडास नाही, पुरेसं पाणी नाही. अंगावरून जाणं, पोटात दुखणं हे दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी गावी परतल्यावर खासगी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. ऑपरेशनचा खर्चही बहुतेकदा उचलीतूनच, म्हणजे कर्ज आणखी वाढलं.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून मांडली. महाराष्ट्रातल्या ज्या कारखान्यांचा ऊस या बाया तोडतात, त्यांची साखर कोका-कोला आणि पेप्सीसारख्या कंपन्यांच्या पुरवठा साखळीत जाते. त्याच वृत्तात असंही होतं की, कोका-कोलासाठी २०१९ मध्ये झालेल्या एका पाहणीत फडावर मुलं काम करत असल्याचं आणि मजूर कर्ज फेडण्यासाठी राबत असल्याचं नोंदवलं गेलं होतं. म्हणजे माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही.

मग जबाबदारी कोणाची? इथे खरी मेख आहे. शीतपेय कंपनी म्हणते, आम्ही कारखान्याकडून साखर घेतो. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. तोडणीचा खर्च तर शेतकऱ्याच्या उसाच्या पैशातून कापला जातो. मुकादम बहुतेकदा मजुरांच्याच गावचा, कधी भावकीतलाच. सगळी वरची माणसं हात झटकतात आणि भांडण खाली, गरिबाचं गरिबाशी लागतं. आम्हाला विचाराल तर मुकादमाला खलनायक करून हा प्रश्न सुटणार नाही. तारीख कारखाना ठरवतो, टोळी कारखान्याला लागते, साखर कारखाना विकतो. कंत्राटी कामगार कायदा १९७० मध्ये झाला. त्यात ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ती मूळ मालकाने द्यायची, अशी तरतूद होती. नव्या संहितेने मात्र कंत्राटी कामगारांच्या संख्येची अट २० वरून ५० केली. टोळी लहान लहान तुकड्यांत दाखवली की संपलं.

बाबासाहेबांनी हे फार आधी सांगून ठेवलं आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांचा मुद्दा असा होता, की स्त्रीच्या श्रमावर ज्याचा नफा चालतो, त्याने तिच्या बाळंतपणातल्या विश्रांतीचा भारही काही प्रमाणात उचलला पाहिजे. गिरणीतल्या बाईसाठी मांडलेला हा न्याय जवळपास शंभर वर्षांनंतरही फडावर पोचलेला नाही.

बाहेर काय झालं तेही बघू. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक कामगार मेले. त्यानंतर युरोपातल्या कपड्यांच्या कंपन्यांना कामगार संघटनांबरोबर कायद्याने बांधील करार करावा लागला आणि कारखान्यांची तपासणी सुरू झाली. जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदाच आहे. आपल्याकडे कंपन्यांची धोरणपत्रं छान असतात, पण फडावरची बाई त्या कागदावर सही करणाऱ्यांत नसते.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. ग्रामसेवकाकडून ओळखपत्र देण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. कार्ड नसेल तर मजूर म्हणून आपण कागदावर नाहीच, आणि अपघात झाला तर दावा कशाच्या आधारे करणार? म्हणून आपल्या विहारांना आणि महिला मंडळांना आमचं सांगणं आहे, की वर्षावासातल्या एका रविवारी गावातल्या ऊसतोड कुटुंबांची यादी करा आणि ग्रामपंचायतीत नोंद करून घ्या. उचल घेताना रक्कम, दर आणि कारखान्याचं नाव एका वहीत लिहून त्यावर मुकादमाची सही घ्या. वहीची एक प्रत गावात ठेवा. पोरांना मागे ठेवता येईल अशी सोय तालुक्यात आहे का, हे पंचायत समितीत जाऊन लेखी विचारा. दसऱ्याच्या आत हे झालं पाहिजे, नंतर घरांना कुलपं लागतात.